नटावरच्या गुलाबी रेघेबद्दल, मेस्त्री, आभार

मेस्त्री, नमस्कार.

तुमच्याकडे मिस्त्री म्हणतात, ठाऊक आहे. पण आम्हा रत्नागिरीकरांची जीभ मेस्त्रीवरच वळते, तेवढं सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून निघालो तेव्हा पैसे दिले, चहा झाला, आभार मात्र राहिले. घाई नव्हती, शब्दच फुटला नाही. आता आंबा संपला, पाऊस लागला, पिकअप मांगरात उभी आहे. म्हटलं, लिहून टाकू.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी पुरता विटलो होतो. ७० पेट्या हापूस घेऊन रात्री साखरप्याला पोचायचं आणि आंबा घाट समोर दिसला की पोटात गोळा यायचा. पहिल्या वळणापासून गाडी दुसऱ्या गिअरवर यायची, मागे काळ्या धुराचा लोट. मागचे गाडीवाले काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. पहाटेच्या सौद्याला उशीर झाला की भाव पडलेला. आंबा थांबत नाही हो, पिकतोच.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. पहिल्याने बॉनेट उघडलं, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, दांड्यावर पाना लावला आणि म्हणाला, "बूस्ट वाढवून देतो, विमान होईल." हवेचा दाब किती वाढवला, त्याला विचारा. गेज नाही, वही नाही, कानाने ऐकून काम. वर डिझेल पंपाचं शिसाचं सील तोडून डिझेलही वाढवलं, आणि मला ते सांगितलंसुद्धा नाही. गाडी चार दिवस बरी पळाली, मग पूर्वीपेक्षा जास्त दमू लागली. दुसरा त्याच्याही वरचा. त्याने गाडी चालू न करताच सांगितलं, टर्बो गेला, नवीन टाका. आकडा ऐकून मी बायकोला फोन लावला आणि काहीच न बोलता ठेवून दिला.

तुम्ही आधी विचारलंत, "कुणी हात घातलाय का?" मी सगळं सांगितलं. तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. नुसतं "हं" म्हणालात आणि साबणाच्या पाण्याचा मग माझ्या हातात दिलात. "तूच शोध."

ती चीर मला सापडली, मेस्त्री! हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डला जाणारी रबरी होज, क्लिपच्या अगदी खाली. उभ्या गाडीत मिटलेली, हवेचा दाब दिला की उघडून बुडबुडे सोडणारी. टर्बो बिचारा हवा भरत होता आणि ती वाटेतच गळत होती. हवा कमी आणि डिझेल मात्र वाढवलेलं, मग धूर काळा येणार नाही तर काय? होज किरकोळ पैशांची होती. मी हंगामाचा अर्धा नफा घालवून बसलो होतो.

मला वाटलं, संपलं काम. तुम्ही म्हणालात, "खरा धोका आता हाय." तेव्हा कळलं नाही. पंप शेजारच्या गल्लीत कॅलिब्रेशनला दिलात, फाउंड्रीतली वाळूची पोती मागे टाकायला लावलीत ("रिकाम्या गाडीत टर्बोला काम काय? ओझं टाक, मग बोलंल"), गेजची नळी केबिनमध्ये घेतलीत आणि पन्हाळ्याच्या चढाला गाडी घातलीत. काटा एक बार ओलांडून दीडच्याही पुढे सरकला तशी तुमची हाक आली, "पाय काढ!" गळती बुजली होती, पण दांडा अजून त्या पहिल्याने पिळलेलाच होता.

रस्त्याकडेला थांबून तुम्ही समजावलंत ते आजही पाठ आहे. वेस्टगेट, म्हणजे त्या दांड्याने उघडणारी टर्बोची झडप, हा धरणाचा सांडवा. दांडा आखूड केला की सांडवा उशिरा उघडतो आणि दाब चढत राहतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, त्याला आणखी पळवलं तर आधी तो जातो, नाहीतर हेड गॅस्केट. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत तर दांड्याला हातच लावायचा नाही, दाब वाढला की गाडी स्वतःच ताकद कापते. मग अर्धा अर्धा आटा सैल, पुन्हा चढ, पुन्हा गेज. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर काटा थांबेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. बूस्ट वाढवायला आलेला मी, तो कमी करून घेऊन गेलो आणि गाडी ओढायला लागली. गावात कुणाला पटत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

शेवटी तुम्ही ड्रॉवर उघडलात. फिलर गेजच्या शेजारी नेलपॉलिशची बाटली होती, गुलाबी. "नातीची हाय, वाळाय लागली म्हणून दिली तिनं." चष्मा कपाळावरून खाली ओढून, श्वास रोखून, तुम्ही नटावरून दांड्यापर्यंत एक बारीक रेघ मारलीत. म्हणालात, "ही तुटली तर समजायचं, कुणीतरी पाना लावला. आधी त्याच्याकडं जा. पण रेघ शाबूत आणि गाडी ओढंना, तर चूक माझी. तवा पैसे नकोत."

मला गाडी चालवायला लागून १९ वर्षं झाली. काम केल्याची खूण पुसणारे पुष्कळ भेटले. तोडलेलं सील काळ्या ग्रीसखाली लपवणारा तर याच हंगामात भेटला. स्वतःची चूक गिऱ्हाइकाला सापडावी म्हणून खूण करून देणारे तुम्ही पहिलेच. तुम्हाला त्यात विशेष काही वाटलं नसणार. बाटलीचं झाकण लावलंत आणि पुढच्या गाडीकडे वळलात. मी मात्र मलकापूर येईपर्यंत त्या रेघेचाच विचार करत होतो. टेम्पोवाल्याशी असं कोण वागतं हो? आम्हाला "जरा थांब" म्हणणारेच जास्त.

त्यानंतर ११ खेपा झाल्या. घाट तिसऱ्या गिअरवर चढतो, अवघड वळणं सोडून. वर पोचलो की तुम्ही सांगितलंत तसं इंजिन लगेच बंद करत नाही, दोन मिनिटं मंद चालू ठेवतो. क्लीनर पोरगा हसतो, म्हणतो, "भाऊ, गाडीला दम खायला देतायत."

परवा मांगरात बॅटरी घेऊन बॉनेट उघडलं. रेघ जागेवर आहे. धूळ बसली होती, फुंकर मारली, फडकं लावलं नाही.

एप्रिलात पहिल्या खेपेला एक पेटी तुमच्या घरी उतरवीन, नाही म्हणू नका. आणि नातीला रंग विचारून ठेवा. नवी बाटली आणतो.

तुमचा,
रत्नागिरीचा पिकअपवाला