पाण्याचा निरोप चावी फिरवणाऱ्या हातापर्यंत पोचू द्या

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. गेली सहा वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या एका चोवीस घरांच्या सोसायटीची सचिव आहे. दरवर्षी २२ मार्चला जलदिनानिमित्त पाणी वाचवण्याचे फलक लागतात, शाळांत चित्रस्पर्धा होतात, फेऱ्या निघतात. मुलांना लहानपणापासून हे कळलंच पाहिजे. पण घरोघरी पाणी ज्यांच्या हातून जातं ते वॉचमन, प्लंबर आणि पाण्याची चावी फिरवणारे व्हॉल्व्हमन या कार्यक्रमांपैकी एकालाही नसतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमचे वॉचमनदादा मला म्हणाले, "बाई, रात्री बारानंतर कुणाचा नळ चालू नसतो, तरी वरची टाकी उतरते." त्यांना हे बऱ्याच दिवसांपासून दिसत होतं. आम्हाला ठाऊक असेल असं ते धरून चालले होते. त्या रात्री आम्ही टाकीत बांबू सोडून खूण केली. पहाटे चारपर्यंत पाणी दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं. टाकी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे चार तासांत ६०० लिटर. दिवसरात्रीचे ३,६०० झाले. मे महिन्यात आम्ही दहा हजार लिटरचे टँकर मागवत होतो, आणि दर तीन दिवसांना त्यातला एक टँकर आमच्याच इमारतीत गळून जात होता!

मग प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत चमचाभर खायचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास कुणी फ्लश दाबायचा नाही असं ठरवलं. नऊ ठिकाणी कमोडच्या भांड्यात लाल ओघळ आला, म्हणजे टाकी गळत होती. प्लंबरने रबरी वॉशर बदलले, दोन दिवसांत काम झालं. हा रंगाचा उपाय मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांतल्या जवळजवळ कुणालाच तो माहीत नव्हता. तुमचे जे कर्मचारी दारापर्यंत येतात, त्यांच्या पिशवीत या रंगाच्या पुड्या आणि मराठी-हिंदीतला चार ओळींचा कागद दिला, तर एका फेरीत किती घरं होतील!

पावसाच्या पाण्याचंही सांगते, कारण तिथे चूक आमची होती. गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरणाचा खड्डा इमारत बांधताना झाला आणि अकरा वर्षं कुणी उघडला नाही. उघडला तेव्हा वाळू-खडी गाळाने दगड झालेली, पिशव्या अडकलेल्या, आणि गच्चीचा एक पाइप कुणीतरी थेट ड्रेनेजला जोडलेला. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमची गच्ची ३०० चौरस मीटर. वाया जाणारं धरूनही दीड लाख लिटरच्या वर पाणी दरवर्षी गटारात गेलं. पर्जन्यसंधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांतला एक प्रकल्प असेल तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत देते. ही सवलत फार चांगली आहे. ती मेमधल्या साफसफाईला जोडा. मृगाच्या आधी खड्डा उपसल्याची खात्री झाली की सवलत पुढे चालू, एवढंच. आणि खड्डा कुठे घ्यायचा हे सांगायला जाणकार द्या. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, पाणी फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरतं. चुकीच्या जागेचा खड्डा नुसता भरून राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, तेव्हा जमिनीखालच्या त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. हवा सुटायची सोय होतीच, पण माणसाला आत उतरून गाळही काढता यायचा. बांधणाऱ्यांनी पुढे देखभाल करणाऱ्याची जागा आधीच आखून ठेवली होती. आमच्या खड्ड्याचं झाकण मात्र पार्किंगच्या फरशीखाली गेलं होतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं. त्यावरच दौंड-इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं शहरात आली, आणि तिथल्या कितीतरी सोसायट्या बारा महिने टँकरवर आहेत. आमच्या गळक्या वॉशरचं पाणी याच साठ्यातलं होतं.

म्हणून विनंती अशी, की या वर्षी जनजागृतीचा काही निधी वॉचमन आणि प्लंबर यांच्या प्रशिक्षणाला द्या. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एप्रिल-मेमध्ये, त्यांच्या ड्यूटीच्या वेळा सांभाळून, दोन तासांचं. त्या दिवसाचा रोज बुडू नये म्हणून मानधनही द्या. टाकी कशी मोजायची, टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह कसा तपासायचा, खड्डा कसा उपसायचा, एवढंच शिकवा. पहिल्या वर्गाला आमचे वॉचमनदादा यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. खुणा केलेला बांबू अजून गच्चीवर आहे. तो ते घेऊन येतील.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक नागरिक