एसीपी शीटचा पत्रा सुटतोय, बॅच बदलून द्या

नमस्कार साहेब,

जळगावहून लिहितोय, माझं एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक चिकटवलेली शीट) फॅब्रिकेशनचं काम आहे. तुमच्या कंपनीच्या 4 एमएमच्या काळ्या शीट डीलरकडून घेऊन एका कापड दुकानाचं एलिव्हेशन (दर्शनी भाग) केलं आणि ऊन तापायला लागलं तसे वरच्या पॅनलला फुगे आले, कडेला तर 0.25 एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा आतल्या प्लास्टिकपासून सरळ सुटलाय. तुमचे साहेब बघून गेले, म्हणाले फिटिंगची चूक आहे, शीट वाकवायला मागून मारतात तो ग्रूव्ह (खाच) खोल मारला असेल. हे मला अजिबात मान्य नाही.

कारण त्याच बॅचचे उरलेले तुकडे गोडाऊनमध्ये पडलेत, त्यांना ना राऊटर (खाच मारायचं मशीन) लागला ना स्क्रू ना ऊन, तरी कोपरा धरून ओढला की पत्रा हाताने सोलून येतो. आणि सोलल्यावर आतून एकदम स्वच्छ, चिकट फिल्मचा कणसुद्धा नाही त्याच्यावर. जोड पक्का असता तर फाटताना फिल्म नाहीतर प्लास्टिक पत्र्याला थोडं तरी राहिलं असतं ना? म्हणजे फिल्मने पत्रा धरलाच नव्हता. आतल्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिथिलीनला, सहजासहजी काही चिकटत नाही म्हणून तर मध्ये ती फिल्म घालतात, पत्र्याचं तेल काढून केमिकल ट्रीटमेंट करतात, रोलरचं टेम्परेचर आणि प्रेशर सांभाळतात. यातलं काय राहिलं ते तुमच्या लाईनवर शोधा, माझ्या कारागिरांवर ढकलू नका.

आता उन्हाचं म्हणाल तर शीट बाहेर लावायलाच विकता ना. एक मीटर ॲल्युमिनियम 50 डिग्रीने तापलं तर साधारण 1.2 एमएम वाढतं, प्लास्टिक मोकळं असतं तर त्याच्या कितीतरी पट वाढलं असतं, तो सगळा ताण जोडावर येतो, दिवसा एका दिशेने आणि रात्री गार झालं की उलटा. तेवढं तर जोडाने सोसायलाच पाहिजे.

दुकानाखालून दिवसभर लोक, लेकरं जातात. वादळी वाऱ्यात तो धारदार पत्रा सुटून कोणाला लागला तर? मला त्याचीच जास्त काळजी आहे.

बिल, बॅच नंबर आणि व्हिडिओ जोडलेत. गोडाऊनमधल्या तुकड्यांची एएसटीएम डी 1781 ची पील टेस्ट (पत्रा सोलायला किती जोर लागतो त्याची ठरलेली चाचणी) माझ्यासमोर करा, या बॅचचा तुमच्याकडचा टेस्ट रिपोर्टही दाखवा. शीट बदलून द्या, आणि काढण्या-लावण्याची मजुरी, परांची यांचा खर्चही तुमच्याकडेच. डीलरकडे हा माल अजून पडलाय, त्याची विक्री आजच थांबवा.

आपला,
एसीपी फॅब्रिकेटर, जळगाव