डॉक्टर मॅडम, तुम्ही स्वतः पुसलंत त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे उघडपणे लिहितेय, कारण पुण्यात कितीतरी घरांत म्हाताऱ्या बायका गुदभ्रंशाचं, म्हणजे मलाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) गुदद्वारातून बाहेर येण्याचं दुखणं पदराआड लपवून बसल्या असतील.

सासूबाईंना तपासताना तुम्ही शिकाऊ डॉक्टरांना बाहेर पाठवलंत, दार लावलंत आणि त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवून म्हणालात, "आजी, घरी कुंथता तसं कुंथा. खाली सांडलं तर मी आहे पुसायला." थोडं सांडलंच. ते तुम्ही स्वतः पुसलंत, मावशींना हाक न मारता. त्या क्षणी त्यांची लाज गेली आणि आजारही दिसला. बाहेर आलेल्या भागावर बांगड्यांसारख्या एकात एक गोल वळ्या होत्या. मूळव्याधीचे कोंब सुटे असतात, त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून कडेला जातात. वळ्या गोल असल्या की मलाशय सगळ्या थरांसकट बाहेर आलेलं असतं. गुदभ्रंश.

आधी जिथे दाखवलं तिथे कुशीवर झोपवून, वरवर बघून, "मूळव्याध" म्हणत मलम हातावर टेकवलं. आडवं झाल्यावर ते बहुतेकदा आत गेलेलं असतं, मग दिसणार काय? "हाताने आत ढकलावं लागतं" असं सासूबाई सांगत होत्या, तेही कुणी ऐकून घेतलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. शिकलेले डॉक्टर या शहरात पुष्कळ आहेत, पेशंटची लाज जपणारे थोडे.

आत कसं सारायचं तेही तुम्ही शांतपणे शिकवलंत. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. हातमोजा, भरपूर जेली, ओला गॉज. बाहेर आलेल्या भागाच्या मधल्या छिद्राजवळचा भाग आधी, मग बाजूचा. एकसारखा हलका दाब, काही मिनिटं. घाईने रेटलं की इजा होते, सूज वाढते. फार सुजलं तर दवाखान्यात त्यावर साधी साखर पसरून 15-20 मिनिटं थांबतात. साखर सुजेतलं पाणी ओढते आणि मग ते आत जातं. पण काळंनिळं पडलं, असह्य दुखलं किंवा आत जाईनाच, तर रक्तपुरवठा अडकलेला असू शकतो. मग सकाळची वाट बघायची नाही.

इसबगोल 1-2 चमचे, मोठा पेला भरून पाण्यातून; पाणी कमी पडलं तर उलट खडा होतो. कमोडवर पायाखाली 15-20 सेंटिमीटर उंच पाट, आणि पाच मिनिटांत उठायचं. एवढ्याने कुंथणं कमी होतं, पण मोठ्या माणसांत पूर्ण बाहेर येणारा गुदभ्रंश त्याने बरा होत नाही, हे तुम्ही गोड न करता सांगितलंत. पोटातून दुर्बिणीने मलाशय वर ओढून बांधलं तर तो पुन्हा व्हायची शक्यता कमी. खालून, गुदद्वाराच्या वाटेने केलेलं ऑपरेशन थकलेल्या शरीराला सोसतं, पण पुन्हा बाहेर यायची भीती त्यात जास्त. निवड तुम्ही सासूबाईंना विचारून केलीत, आम्हाला नाही. याचेही आभार.

त्यांनी परवा शेजारच्या काकूंना स्वतःहून सगळं सांगितलं. काकू सोमवारी तुमच्याकडे येतील. फार घाबरल्या आहेत, सांभाळून घ्या.

आपली,
तुमच्या एका पेशंटची सून, पुणे