नाव बघून काढलेलं तिकीट

श्टुटगार्ट

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खोकला कधीच गेला, त्यामुळे आईने पुन्हा काढ्याची पुडी पाठवायचा घाट घालू नये. जेवणखाण, ऑफिस तुम्हाला ठाऊक आहे तसंच चाललंय.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही फार चिडला होतात. "एवढी मोठी माणसं, हाताशी एवढा पैसा, आणि असला सिनेमा काढतात? आता थिएटरची पायरी चढणार नाही," म्हणालात. आईने फोन घेऊन विषय बदलला, पण माझ्या डोक्यातून तो काही गेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी इथली एक गोष्ट सांगतो, मला ती अजून नीटशी उमगलेली नाही. इथल्या बऱ्याच थिएटरांत एका ठरलेल्या रात्री नाव न सांगता सिनेमा दाखवतात. 'स्नीक' म्हणतात त्याला. अजून इथे लागलेला नाही असा सिनेमा लावतात, पण कुठला ते कुणालाच सांगत नाहीत. पोस्टर नाही, हिरो कोण माहीत नाही, रडका आहे की मारामारीचा तेही नाही. तिकिटावर वेळ असते, खुर्चीचा नंबर असतो आणि सिनेमाच्या नावाच्या जागी नुसतं 'स्नीक'. तिकीट नेहमीपेक्षा स्वस्त असतं हे खरं, पण म्हणून काय झालं? आपल्याकडे "कोण आहे त्यात?" हे विचारल्याशिवाय कुणी पाकीट उघडेल का? इथे मात्र लोक हौसेने जातात. कॉलेजची पोरं असतात, पिकल्या केसांची जोडपी असतात. दिवे मालवतात, पडद्यावर नाव येतं, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी सुस्कारा टाकून खुर्चीत मागे रेलतं. नाही आवडलं तर दहा मिनिटांत कोट उचलून चालू लागतात. भांडण नाही, पैसे परत मागणं नाही. मध्यंतरही नसतं. आणि सिनेमा हॉलिवूडचा असला तरी सगळे जर्मनच बोलतात, कारण इथे डब करायचीच रीत आहे.

आई, आता लगेच "रात्री-अपरात्री एकटा हिंडतोस" म्हणशील. एकटा नसतो. ऑफिसमधले दोघं बरोबर असतात, गाडी घराजवळच सोडते. आणि पैसे उडवत नाही, दुसरा कसलाही शौक मला नाही हे तुला माहीत आहे.

तर अशाच एका रात्री अगदीच टाकाऊ सिनेमा निघाला. बाहेर पडताना कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फसवलं गेल्याची भावना कुणालाच नव्हती, कारण कुणावर विश्वास टाकलेलाच नव्हता. तेव्हा मला २०१६ साली आपण 'मोहेंजोदडो' बघायला गेलो ते आठवलं. 'लगान' आणि 'स्वदेस' करणाऱ्या माणसाचा सिनेमा म्हणून तुम्ही पहिल्याच दिवसाची तिकिटं काढायला लावलीत. मध्यंतरात समोसा कागदात तसाच धरून उभे होतात. "गोवारीकर आहे, पुढच्या भागात उचलेल," म्हणालात. उचलला नाही. उंटवाडीच्या सिग्नलपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या कुणाचा असता तर रिक्षात बसेपर्यंत विसरला असतात.

अण्णा, हे का होतं? मला वाटतं, मोठ्या झालेल्या माणसाला 'नाही' म्हणणारं जवळ कुणी उरत नाही. रामगोपाल वर्माने १९९८ साली 'सत्या' काढला तेव्हा त्यातले बरेचसे चेहरे लोकांना नवे होते. त्याच माणसाने २००७ साली 'शोले' नव्याने करायला घेतला, साक्षात अमिताभला गब्बरच्या जागी उभं केलं, आणि काय हाती लागलं ते तुम्हाला माहीत आहे. अमिताभ तरी काय करणार? सलीम-जावेदनी कागदावर जे उतरवलं होतं ते तिथे नव्हतंच. लिहिलेलंच नसेल तर नट कुठून आणेल?

द्राक्षबागवाल्या मामांना एक सांगा, 'गॉडफादर'वाल्या कपोलाने वाईनच्या धंद्यातला हिस्सा विकून स्वतःच्या पैशाने सिनेमा काढला, २०२४ साली. सुमारे बारा कोटी डॉलर घातले. खर्चाच्या आसपासही कमाई गेली नाही. पिंपळगावात कुणी बाग विकून असं केलं असतं तर गावाने वेड्यात काढलं असतं. पण मला त्या म्हाताऱ्याचा राग येत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी त्याला काहीतरी करून बघायचं होतं. आपल्या फाळक्यांचंही तसंच. मूकपटात ज्यांनी चमत्कार केले, त्यांनी सदुसष्टाव्या वर्षी 'गंगावतरण' केला, तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. जमाना पुढे गेला होता. म्हणून आपण पांडवलेण्याखालच्या स्मारकात जायचं थांबलो का?

आणि तुम्हीच ज्याच्यावर जीव टाकता तो 'जोकर'? १९७० साली दोन मध्यंतरांचा तो सिनेमा लोकांनी नाकारला, राज कपूर कर्जात गेला, १९७३ च्या 'बॉबी'ने त्याला सावरलं. १९५९ साली 'कागज के फूल' आपटला आणि गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही. पडलेला प्रत्येक सिनेमा थोर असतो असं मी म्हणत नाही. वर्माचा तो सिनेमा उद्याही वाईटच असेल. पण जो जिवापाड धडपडून फसला आणि ज्याने नावावर भागवून नेलं, त्या दोघांना एकाच मापाने मोजू नका.

इथली पद्धत बिनत्रासाची आहे, तरी मला तुमचीच बरी वाटते. कुणाचं तरी नाव बघून तिकीट काढायचं, मग चिडायचं झालं तर चिडायचं. तेव्हा आईला घेऊन जात राहा. तुम्ही माणसावर भरवसा टाकता, माझ्यावरही टाकलात. फीसाठी काय काय विकलंत ते मी इथे लिहीत नाही, पण विसरलोय असं समजू नका.

आता कामाचं. छोटीच्या साखरपुड्यासाठी दीड लाख पाठवलेत. हॉलचा ॲडव्हान्स त्यातूनच द्या, एफडी मोडू नका. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा नाशकात गाड्या, हॉल, आचारी काही मिळायचं नाही. लग्नाची तारीख त्याच्या आधीची धरा. साखरपुड्याला येणं जमेलसं दिसत नाही. रजा मागितली आहे, साहेबांनी अजून नाही म्हटलेलं नाही. छोटीला मीच फोन करीन, तोवर तुम्ही काही बोलू नका. लग्नाला मात्र येणारच.

ओझरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, शिकलेलीही आहे. पण कायमचा परत कधी येईन हे मला आज सांगता येत नाही, आणि ते न सांगता होकार कळवणं बरं नाही. आई, तू रडू नकोस. त्यांना स्पष्ट कळवा, थांबवून ठेवू नका.

अवकाळीने मामांचे किती घड गेले ते लिहा. कर्जाचा हप्ता अडत असेल तर परस्पर मला कळवा, ते स्वतः सांगायचे नाहीत.

तुमचा,
बंड्या