मधल्या सुट्टीत मुलांना त्यांची भाषा बोलू द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मातृभाषा बोलल्याबद्दल शाळेत होणारी शिक्षा आणि दंड बंद करण्याबाबत.

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईत घणसोलीला राहते. घरी शिकवण्या घेते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. कुणी इथल्याच आगरी-कोळी घरातलं, कुणाचे आजोबा साताऱ्याहून माथाडी म्हणून आलेले, कुणाचे आईवडील तेलंगणातले, कुणाचे बिहारचे. माझी मागणी या सगळ्यांसाठी आहे आणि ती एकच आहे. शाळेच्या आवारात घरची भाषा बोलल्याबद्दल कुठल्याही मुलाला शिक्षा होऊ नये, दंड होऊ नये, त्याचं नाव कुठल्याही वहीत लिहिलं जाऊ नये. आणि हे तोंडी सूचनेवर न सोडता तुमच्या खात्यानं स्पष्ट शासन निर्णय काढून सांगावं.

हे कशावरून लिहिते आहे ते सांगते. गेल्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी शिकवणीला एक शंभर पानी वही घेऊन आली. त्या आठवड्यात ती वर्गाची मॉनिटर होती आणि बाईंनी ती वही नीट अक्षरात उतरवून आणायला सांगितली होती. पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने होते. तारीख, नाव, काय बोलला, किती रुपये. ‘काय बोलला’ या रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी आणि हिंदी शब्द होते. थांब ना. मेरा पेन दे. माझा डबा. एका ओळीत तिच्याच चुलतभावाचं नाव होतं. तो मधल्या सुट्टीत नळाजवळ ‘मना पानी पायजे’ म्हणाला होता. त्याचे पाच रुपये. मी तिला विचारलं, अगं, घरच्याच पोराचं नाव कशाला लिहिलंस? ती म्हणाली, नाही लिहिलं तर माझं लिहितात.

आठ वर्षांच्या मुलीनं मला ते अगदी सरळ, नियम सांगावा तसं सांगितलं. त्या शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. कुठे फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहितात, कुठे मुलाला दाराबाहेर उभं करतात, कुठे प्रवेशाच्या वेळी पालकांकडून ‘आवारात फक्त इंग्रजी’ या अटीवर सही घेतात. पालक सही करतात. मीही पालक असते तर कदाचित केली असती, कारण त्या खिडकीपाशी उभं राहून वाद घालायची कुणाची ताकद असते?

पण मंत्रिमहोदय, ही वही नवी नाही. ती जगभर फिरून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. त्याची सुटका एकाच मार्गानं व्हायची. दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडायचं आणि तो तुकडा त्याच्या गळ्यात घालायचा. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला छडी. जपाननं १८७९ मध्ये ओकिनावा आपल्या राज्यात सामील करून घेतलं. पुढे तिथल्या शाळांतही हाच प्रकार आला, गळ्यात पाटी आणि सुटकेसाठी दुसरा अपराधी शोधायचा. एवढ्या लांबच्या दोन ठिकाणी एकच युक्ती निघाली, कारण ती स्वस्त आहे. शिक्षकाला लक्ष ठेवावं लागत नाही, मुलंच एकमेकांवर पहारा करतात.

आपल्याकडे हे कधी झालं नाही असं कुणी समजू नये. घणसोलीपासून ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह फार दूर नाही. ज्या तटामागे आज कैदी राहतात तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला होता. १५३४ च्या तहानं वसई आणि तिच्या आजूबाजूचा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं ठाणं घेतलं. म्हणजे खाडीपलीकडच्या ठाण्यावर दोनशे वर्षं परक्याचं राज्य होतं. ही मोहीम आपल्याला तोंडपाठ असते. त्याच राज्यकर्त्यांनी गोव्यात भाषेचं काय केलं, हे मात्र आपण मुलांना सहसा सांगत नाही.

१६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओव्यांत, हजारो ओव्यांत, रोमन अक्षरं वापरून. त्या काळी चर्चचाच आग्रह असा होता की पाद्र्यांनी इथल्या लोकांची भाषा शिकावी. मग वारं फिरलं. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांनी गोव्यावर चढाई केली. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर इतका हादरला की त्यानं आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीवर नेऊन ठेवला. मराठी फौज माघारी वळली आणि त्यानंतर सहा-सात महिन्यांत, जून १६८४ मध्ये, याच व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी, आपापसातही तीच बोलावी आणि मायबोली सोडावी. १७४५ मध्ये तिथल्या आर्चबिशपनं त्यापुढची पायरी गाठली. पोर्तुगीज येत नसेल त्याचं लग्न लावायचं नाही. ओव्यांपासून १६८४ च्या बंदीपर्यंत यायला सत्तर वर्षंही लागली नाहीत.

(ती भाषा कोकणी की मराठी, हा वाद मी इथे उकरत नाही. बंदी घालणाऱ्याला दोन्ही सारख्याच नकोशा होत्या.)

तरीही ती भाषा मेली नाही. १८५८ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचाच सचिव कुन्य रिव्हार यानं कोकणीवर निबंध लिहून जुन्या दडपशाहीचे कागद उजेडात आणले, तेव्हा लोक कोकणी बोलतच होते. इकडे ठाण्या-वसईच्या ख्रिस्ती पाड्यांत ईस्ट इंडियन मंडळी आजही मराठीची आपापली बोली बोलतात. मला याचं कारण असं वाटतं की हुकूम बाहेरून आला होता. तो परक्याचा आहे हे लोकांना कळत होतं. त्यामुळे भाषा दरबारातून उठली आणि घरात जाऊन बसली. चुलीपाशी, शेतात, लग्नाच्या गाण्यांत तिला कुणी हात लावू शकलं नाही.

कोरियाचंही तसंच. १९१० ते १९४५ तिथे जपानची सत्ता होती. १९३८ पासून शाळांतून कोरियन जवळजवळ हद्दपार झाली आणि ती बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. १९४२ मध्ये एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीतल्या नोंदीवरून पोलिसांनी धागा पकडला आणि कोरियन भाषेचा कोश करणाऱ्या अभ्यासकांना अटक केली. दोघे तुरुंगातच मरण पावले. कोशाचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं. जपान हरल्यानंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ते सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात पडलेलं सापडलं. १९४७ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला आणि सगळे सहा खंड पुरे व्हायला १९५७ साल उजाडलं. मी हे वाचते तेव्हा मला आमची शंभर पानी वही आठवते. तिथे मुलीच्या वहीतून पोलिसांना भाषा जपणाऱ्यांचा माग लागला. इथे तर मुलीकडूनच माग काढून घेतला जातो.

आज आपल्यावर कुणी परका राज्य करत नाही आणि मला शाळांना व्हाइसरॉयच्या रांगेत बसवायचं नाही. फरक मोठा आहे, आणि नेमका त्या फरकामुळे मला जास्त काळजी वाटते. गोव्यातल्या बाईला ठाऊक होतं की तिची भाषा दुसऱ्यानं अडवली आहे. आमच्या गावातल्या आजीला ते कळायला मार्गच नाही. ती नातवाला आणायला गेटवर जाते. नातू आधीच सांगून ठेवतो, आजे, तू तिथं बोलू नको. ती बोलत नाही. दप्तर घेते आणि चालू लागते. घरी आल्यावर आई म्हणते, शाळेची सवय राहायला पाहिजे, म्हणून घरातही ‘वॉटर’. जी भाषा पूर्वी घरात आसरा घेऊ शकली, तिला आता घरातही जागा उरत नाही, आणि हे फी भरून, सही करून, मुलाच्या भल्यासाठी होतं.

आगरीचं तर अधिकच कठीण आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासेमारी आटत गेली. भाताच्या जाती, बांध, भरती-ओहोटीच्या वेळा यांचे शब्द त्या कामाबरोबरच निघून गेले. जे उरलं ते जेवणात, भांडणात आणि हळदीच्या गाण्यांत उरलं. ते बोलणारं पोर मराठी शाळेत गेलं तर त्याला अशुद्ध म्हणतात आणि इंग्रजी शाळेत गेलं तर पाच रुपये मागतात.

पालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे, ते रोज ऐकते. ‘मॅडम, आमच्या घरात इंग्रजी नाही. शाळेत तरी सक्ती हवी, नाहीतर पोर बोलणार कधी?’ ही भीती खरी आहे. महापे, ऐरोलीच्या कंपन्यांच्या काचेआड बसायला इंग्रजी लागतं, हे ज्या बापाच्या जमिनीवर त्या कंपन्या उभ्या आहेत त्याला कुणी शिकवायला नको. पण शिकवणीत मला उलटंच दिसतं. दंडाला घाबरलेलं मूल इंग्रजी बोलत नाही, गप्प बसतं. ज्याला आधी आपल्या भाषेत चुकू दिलं, विचारू दिलं, ते पोर सहा महिन्यांत इंग्रजीत प्रश्न विचारायला लागतं. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीचा आग्रह जरूर धरावा. भूगोलाच्या तासालाही धरा, माझी हरकत नाही. नळावर, मैदानात, बसमध्ये आणि पोटात दुखत असताना मुलाला जी भाषा येते ती बोलू द्या.

मुरबाडला जन्मलेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर होते. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं होते आणि नानांनी त्यांच्यासमोर देशी भाषांतून शिक्षण देण्याची बाजू लावून धरली. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते, तिच्या शाळांना पैसाही देत होते. दोन्ही एकत्र होऊ शकतं हे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं परक्या सत्तेसमोर बसून सांगितलेलं आहे.

तुमच्याकडे हत्यारं आहेत. २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आणि मोडणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड ठेवला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आमच्या वस्तीतही झाला. २०२५ च्या जूनमध्ये तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय लोकांच्या विरोधामुळे मागे घेतले गेले. या सगळ्यात आपण पुस्तकातल्या भाषेबद्दल बोललो, तासिकेबद्दल बोललो. मधल्या सुट्टीबद्दल कुणी बोललं नाही. आणि माझ्याकडे येणारा तेलुगू बोलणारा मुलगा मराठीच्या कायद्यात बसत नाही. त्याची भाषा त्याला जड व्हावी असं मला तरी वाटत नाही. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यानं त्याच्यासाठीही उभं राहिलं पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं. घरची भाषा बोलल्याबद्दल दंड घेणं, नाव लिहिणं, पाटी अडकवणं, बाहेर उभं करणं हा मानसिक त्रास आहे, एवढं एक वाक्य शासन निर्णयात यावं आणि ते सगळ्या बोर्डांच्या शाळांना लागू व्हावं. प्रवेश अर्जातली तशी अट रद्द ठरवावी. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी तपासणीला जातात तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांच्या केबिनमधून परत फिरू नये. मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहावं आणि मॉनिटरच्या वह्या मागून बघाव्यात. घेतलेले पैसे पालकांना परत करायला लावावेत, रक्कम पाच रुपयांची असली तरी. आणि मुलावर मुलाचा पहारा ठेवणं याला वेगळा, मोठा दोष मानावा.

ठाणे, पालघर आणि नवी मुंबईच्या मुलांना इतिहासात १६८४ चा हुकूम शिकवता आला तर फार बरं होईल, पण त्याला पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत वाट बघावी लागेल याची मला कल्पना आहे. शासन निर्णयाला तेवढा वेळ लागत नाही. तो जूनमध्ये शाळा उघडायच्या आत निघावा आणि त्याची प्रत प्रत्येक शाळेच्या गेटवर, आत येणाऱ्या आजीला वाचता येईल किंवा कुणाकडून वाचून घेता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, मराठीत लावावी.

कळावे,
आपली नम्र,
घणसोलीतली एक शिकवणी घेणारी बाई