स्कॉटिश किनाऱ्यावरच्या जेवणाला बेचव ठरवण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतील स्कॉटलंडच्या सहलीविषयीचा लेख मी आवडीने वाचला. त्यातील किल्ल्यांचे आणि सरोवरांचे वर्णन चांगले उतरले आहे. मात्र ‘तिथल्या हॉटेलांतील रात्रीचे जेवण महाग आणि बेचव असते, शाकाहारी माणसाला तर उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही मिळत नाही, तेव्हा सरळ शहरातील भारतीय उपाहारगृह गाठावे’ हा लेखाच्या शेवटी दिलेला सल्ला वाचून मला गप्प बसवले नाही. गेल्या जूनमध्ये मी आणि माझे यजमान स्कॉटलंडच्या ईशान्येला, मरे फर्थ या आखाताच्या काठी असलेल्या एका जुन्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. मी मालवणची, मासळीवर वाढलेली आणि यजमान जन्मापासून शाकाहारी. एकाच टेबलावर आम्ही दोघेही मनापासून तृप्त होऊन उठलो, असे परदेशात पहिल्यांदाच घडले. म्हणून हे पत्र.

लेखात ‘कलन स्किंक’ या पदार्थाचा उल्लेख ‘क्रीम घातलेले माशाचे सूप’ असा एका ओळीत आला आहे, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. हे सूप ज्या कलन गावाच्या नावाने ओळखले जाते, ते आमच्या हॉटेलापासून थोड्याच अंतरावर होते. समुद्राकडे भिंतीची अरुंद बाजू करून, एकमेकांना बिलगून उभी असलेली कोळ्यांची बैठी घरे आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेला, आता रेल्वे बंद झाल्यामुळे पायी फिरण्यासाठी खुला असलेला उंच कमानींचा पूल, असे ते गाव आहे. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध एवढ्यावर हे सूप होते. ‘स्किंक’ म्हणजे मुळात गुरांच्या नळीच्या हाडामांसाचा रस्सा. किनाऱ्यावरच्या गरीब घरांना मांस परवडेना, तेव्हा हाताशी असलेला मासा त्या जागी आला, असे तिथे सांगतात. क्रीम ही नंतरच्या उपाहारगृहांची भर आहे.

आमच्या जेवणाची खरी सुरुवात याच सूपने झाली. त्यापूर्वी एका घासाचे दोन नमुने आले होते, शिवाय डल्स नावाचे तांबूस समुद्री शेवाळ बारीक चिरून मिसळलेले लोणी आणि ऊन पाव आला होता, परंतु त्यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सूप मात्र मी विसरणार नाही. आचाऱ्याने त्याचा फेस केला नव्हता, त्यावर फुले टाकली नव्हती. जाडसर वाडग्यात बटाट्याच्या फोडी दिसतील असेच ते दिले होते. फरक होता तो जिन्नसांत आणि हाताच्या जपणुकीत. हॅडॉक धुरावण्याच्या त्या किनाऱ्यावर दोन वेगळ्या रीती आहेत. ॲबर्डीनजवळच्या फिंडन गावावरून नाव पडलेला ‘फिनन हॅडी’ हा थंड धुरावर ठेवतात, त्यामुळे मासा आतून कच्चाच राहतो आणि तो दुधात मंद आचेवर शिजवावा लागतो. दक्षिणेकडचा ‘आर्ब्रोथ स्मोकी’ मात्र जोडीजोडीने शेपटीला बांधून, लाकडाच्या गरम धुरावर पुरता शिजवतात. त्या नावाला २००४ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे आणि आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत तयार झालेल्या माशालाच ते लावता येते. सूपसाठी फिनन पद्धतीचा, पिवळा रंग न चढवलेला फिकट मासा वापरला होता, हे तिथल्या वाढणाऱ्या मुलीने विचारण्याआधीच सांगितले. दूध, धूर आणि खारेपणा यांचा तो मेळ जिभेवर आला तेव्हा मला पावसाळ्यातल्या आमच्या घरची चूल आठवली, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि पेज आठवली. चवी अगदी वेगळ्या, पण समुद्र बंद असतानाच्या दिवसांसाठी मासा राखून ठेवण्याची गरज दोन्हीकडे तीच होती. त्या गरजेतून जन्मलेला पदार्थ त्याच गावाशेजारच्या उत्तम हॉटेलात, पांढऱ्याशुभ्र कापडावर, मुख्य मानाने वाढला जातो. सुक्या बांगड्याला आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांनी असे पान वाढलेले मी अजून पाहिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर लँगूस्टीन आले. हा शेवंडीच्या जवळचा, पण मोठ्या कोळंबीएवढा, फिकट नारिंगी रंगाचा आणि लांब नांग्यांचा प्राणी चिखलाच्या तळाशी बिळे करून राहतो. जगात पकडल्या जाणाऱ्या लँगूस्टीनचा फार मोठा वाटा स्कॉटलंडच्या पाण्यातून येतो, तरीही त्यातला बराचसा माल कित्येक वर्षे स्पेन, फ्रान्स आणि इटलीकडे जात आला आहे. ब्रिटन युरोपीय बाजारपेठेतून बाहेर पडल्यावर जानेवारी २०२१ मध्ये कागदपत्रांच्या घोळात ताजा माल अडकला आणि मासळीच्या व्यापाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनच्या संसदेजवळ नेऊन निषेध नोंदवला, ही बातमी आपल्या काही वाचकांना आठवत असेल. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत लँगूस्टीन सापळे टाकून जिवंत पकडतात आणि एकमेकांना इजा करू नयेत म्हणून एकेकाला वेगळ्या नळीत ठेवून पाठवतात. आमच्या बाजूच्या मरे फर्थमध्ये मात्र ते तळाशी ओढायच्या जाळ्याने येतात. आम्हाला दिलेले कोणते, असे मी विचारले, तेव्हा हॉटेलने स्पष्टपणे सांगितले की ते जाळ्यातलेच आहेत, जवळच्या बकी बंदरात त्याच दिवशी उतरलेले आहेत. अर्धे चिरून, लोण्यात परतून, लिंबाच्या फोडीबरोबर दिलेले ते मांस इतके गोड होते की त्याला कशाचीही जोड लागत नव्हती. आपल्याला मसाल्याची सवय आहे म्हणून मसाला नसलेले सगळे बेचव, हा समज मी त्या टेबलावर कायमचा सोडला. ताजी मासळी हेच ज्याचे बळ आहे, त्या स्वयंपाकात तिखट घातले असते तर ते बळ झाकले गेले असते.

स्कॉटलंड म्हटले की सामन (सॅल्मन) मासा, ही आपल्याकडची आणखी एक ठरलेली ओळ आपल्या लेखातही आहे. त्या रात्रीच्या यादीत सामन नव्हता. त्याचे कारण कळले तेव्हा त्या हॉटेलविषयीचा माझा आदर वाढला. रानटी अटलांटिक सामनची संख्या इतकी घटली आहे की २०१६ च्या नियमांनी स्कॉटलंडच्या किनारी पाण्यात तो पकडून ठेवण्यास मनाई झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ग्रेट ब्रिटनमधील सामन ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला. आज ताटात येतो तो जवळजवळ सगळा पिंजऱ्यांत वाढवलेला असतो आणि ही सागरी शेती पश्चिम किनाऱ्यावर व बेटांवर चालते. उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर नवी केंद्रे होऊ द्यायची नाहीत, असे सरकारचे जुने धोरण आहे. आपल्या किनाऱ्यावर जे आज मिळत नाही ते वाढायचे नाही, एवढे साधे तत्त्व त्या स्वयंपाकघराने पाळले होते. मुख्य पदार्थ म्हणून मला पीटरहेड बंदरातल्या मासळीच्या लिलावातून आलेला हेक मासा, समुद्रकाठच्या खारट पालेभाजीसह मिळाला.

आता शाकाहाराविषयी. यजमान काय खातात आणि काय खात नाहीत, हे आम्ही दोन दिवस आधी ईमेलने कळवले होते, आणि हीच गोष्ट लेखकाने वाचकांना सांगायला हवी होती. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांतील १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कशात काय पडते याची नोंद स्वयंपाकघरात तयार असते. यजमानांसाठी ऑर्क्नी बेटांवर पिकणाऱ्या बेअर या प्राचीन जातीच्या सातूची, रानलसूण आणि अळंबी घातलेली मऊ खिचडीसारखी डिश केली होती. भाजीचा वेगळा रस्सा वापरला आहे, हे हॉटेलने आपणहून सांगितले. एवढेच नव्हे, तर चीजच्या ताटातील एक प्रकार वासराच्या जठरातील विरजणाने केलेला असल्यामुळे तो यजमानांसाठी वगळून त्याऐवजी क्राउडी हे त्या भूमीतले मऊ, ताज्या छेन्यासारखे चीज ओटच्या बिस्किटांसह दिले. आपल्या देशातही इतकी बारीक चौकशी आमची कुणी केलेली नाही. गोडात भाजलेले ओट, मध, क्रीम आणि रासबेरी यांचे क्रॅनाखन आले. त्यात व्हिस्की असते, ती यजमानांसाठी न घालता केले होते. रासबेरीसाठी टे नदीचे खोरे प्रसिद्ध आहे, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली ती फळे मला थोडी आंबट वाटली. जुलैत गेलो असतो तर अधिक बरे झाले असते.

जेवण महाग होते, हे मी नाकारत नाही. तरीही यादीवरच्या किमतीत कर धरलेला असतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार सेवाशुल्काची व बक्षिशीची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते, ही माहिती बिल हातात घेताना उपयोगी पडते. वेळेचे भान मात्र आपण ठेवायला हवे. जूनमध्ये त्या किनाऱ्यावर सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, बाहेरच्या उजेडामुळे आपल्याला संध्याकाळच वाटत राहते, आणि स्वयंपाकघर मात्र साधारण साडेआठ-नऊला बंद होते. शिवाय वाहन चालवणाऱ्यासाठी मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे. तेव्हा जेवणाबरोबर पेला घ्यायचा असेल तर त्याच हॉटेलात मुक्काम करणे शहाणपणाचे.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण सहा वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर याच देशात नऊ रात्री काढल्या होत्या. त्यांपैकी चार मुक्काम समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होते. नऊही रात्री आम्हाला बसने भारतीय उपाहारगृहात नेऊन पनीर, डाळ आणि गुलाबजाम वाढले गेले. सोबतच्या मंडळींत रत्नागिरी, वसई आणि कारवारकडची, मासे पाहून हरखणारी माणसे होती; पण बंदरावर उतरत असलेल्या मासळीकडे आम्ही फक्त बसच्या काचेतून पाहिले. वृद्धांची पथ्ये आणि कडक शाकाहार सांभाळण्याची कंपन्यांची अडचण मी समजू शकते. तरी नऊपैकी एक रात्र, ज्यांना हवे त्यांच्यासाठी, आधी कळवून, किनाऱ्यावरच्या चांगल्या हॉटेलात ठेवणे अशक्य नाही, आणि आपल्या पुरवणीसारखी प्रकाशने वाचकांना ते मागायला सांगू शकतात. निदान कलन स्किंकविषयीच्या त्या एका ओळीची दुरुस्ती पुढील रविवारी छापावी, ही विनंती. कांदा, बटाटा, दूध आणि धुरावलेला हॅडॉक, एवढे चार शब्द पुरेत.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे