पोलिसांच्या पट्ट्याचं माप बसवून घ्या

मा. संपादक,
स. न.

पोलिसांच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात. वजन, साखर, रक्तदाब, डोळे, ईसीजी असं सगळं तपासलं जातं आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. चांगलंच आहे. पण ‘जरा पट्टा काढा, कमरेवर वळ कुठं उठलाय बघू’ असं कुणी डॉक्टर म्हणाल्याचं आजवर वाचनात आलं नाही. बारा-बारा तास कमरेला ताठ चामडं आवळलेल्या माणसाची कंबर दुखली, की दोष त्याच्या सुटलेल्या पोटाला द्यायचा आणि चालायला जा म्हणून सांगायचं, अशी रीत पडली आहे.

मी सैन्यात ईबीआर होतो. बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. पलटणीतले बूट, पट्टे, पाऊच, पिट्ठू दुरुस्त करणारा कारागीर, तो ईबीआर. आरी, रापी आणि मेणदोरा हीच आमची हत्यारं. पेन्शनवर आल्यावर साताऱ्यात युनिफॉर्मच्या साहित्याचं दुकान टाकलं. टोप्या, नेमप्लेट, लॅनियार्ड, बूट, पट्टे. नव्या मालापेक्षा दुरुस्तीचंच काम जास्त येतं. गिऱ्हाईक बहुतेक पोलीस खात्यातलं, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती. माझ्या दुकानात कोण काय बोललं याची चौकशी उगाच नको.

दुरुस्तीला आलेला पट्टा उलटा करून पाहिला की घालणाऱ्याची ड्युटी कळते. वायरलेस सेट अडकवतात तिथली वरची कड बाहेर वळलेली असते. होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या खोळीच्या, जागी चामडं ओघळून खाली आलेलं असतं. आतून घामाचं मीठ पांढरं फुटतं, पण सगळीकडे सारखं फुटत नाही. खुब्याच्या हाडावर आणि पुढं बकलाच्या खालच्या कडेला ते दाट, बाकी जागी नुसता पुसट डाग. म्हणजे एवढा लांब पट्टा अंगाला टेकतो तो तीन-चार ठिकाणी, आणि सगळा भार तिथंच. दोन भोकांच्या मधोमध खिळा तापवून पाडलेलं जादा भोक तर हमखास असतं. तयार पट्ट्याला भोकं इंचाइंचावर पाडलेली असतात. एका भोकावर श्वास अडकतो, पुढच्या भोकावर होल्स्टर खाली घसरतं. मग घरी गॅसवर खिळा तापतो. आतून काय काय लावलेलं निघतं तेही बघण्यासारखं असतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, झिजलेल्या स्लीपरचं रबर. एका हवालदारांनी मुलाच्या जुन्या दप्तराचा फोम स्वतः शिवून लावला होता. टाके वाकडेतिकडे, पण जागा अचूक धरली होती.

आता मुद्दा. पट्ट्याचं माप आपण माणसाला सावधान उभं करून घेतो. दुखणं सुरू होतं ते तो बसल्यावर. परेडला पट्टा झकास दिसतो, कारण उभ्या माणसाची कंबर आणि पट्टा एका रेषेत असतात. तोच माणूस बीट मार्शल म्हणून मोटारसायकलवर बसला, ११२ च्या गाडीत चढला किंवा ठाण्यात प्लास्टिकच्या खुर्चीत लिहायला बसला, की मांडी वर येते, पोट पुढं येतं आणि पट्ट्याची खालची कड जांघेच्या वरच्या हाडाशी रुतते. तिथून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस असते. ती दबत राहिली की मांडीला मुंग्या येतात, आग होते, पुढं पुढं बधिरपणा येतो. डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि घट्ट किंवा जड पट्टा हे त्याचं नेहमीचं कारण आहे. माझ्याकडे येणारे म्हणतात, ‘काका, पाय झोपतो.’ बरेच जण सायटिका समजून मलम चोळत बसतात.

वजन किती, असं कुणी विचारेल. पिस्तूल काट्यावर ठेवायला मी कुणाकडे मागणार नाही, पण भरलेलं नऊ एमएम किलोभर तरी असतं हे सैन्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यात जादा मॅगझिन, बेड्या, वायरलेस, होल्स्टर आणि खुद्द पट्टा धरला, की अधिकाऱ्याच्या कमरेला तीन किलोच्या आसपास जातं. परदेशात पोलीस याच्या दुप्पट-अडीचपट अडकवतात, मग आपल्यालाच काय झालं, असंही ऐकायला मिळतं. पण तिथंही कमरा दुखल्याच. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर शहरात पोलीस, तिथलं विद्यापीठ आणि मेयो क्लिनिक यांनी मिळून पाहणी केली. कमरेवरचं सामान अंगात घालायच्या व्हेस्टवर नेल्यावर कंबर आणि खुब्याचं दुखणं कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे तसाच व्हेस्ट आणावा असं मात्र मी म्हणणार नाही. मे महिन्यात चंद्रपूरच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला तो घालायला सांगणाऱ्याने आधी स्वतः दुपारी दोन तास घालून दाखवावा.

सैन्यात हा प्रश्न फार पूर्वी ओळखला गेला होता. १९३७ सालच्या इंग्रजी नमुन्याचं सुती वेबिंग, म्हणजे जाड विणीच्या पट्ट्यांचं साहित्य, आपल्या फौजेने स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं वापरलं. त्याच्या पट्ट्याला भोकं नव्हतीच. दोन्ही टोकांना पितळी आकडे, ते आतल्या विणीत हव्या त्या जागी अडकवायचे. खांद्यावरून दोन पट्ट्या पाठीवर एकमेकींना छेद देऊन पट्ट्याला यायच्या, म्हणजे पाऊचचं वजन खांदा आणि कंबर दोघांत वाटलं जायचं. पुढं अमेरिकन फौजेने १९७३ च्या सुमारास नायलॉनचं साहित्य घेतलं, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी इंच-इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या शिवलेलं ‘मॉली’ नावाचं साहित्य आणलं. त्यात पाऊच कुठं अडकवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आज आपल्याही जवानांच्या अंगावर तसंच साहित्य दिसतं. पोलीस मात्र चामड्यावरच राहिला.

गंमत म्हणजे खांद्यावर भार घेणारा पट्टा पोलिसांकडे आहे. फौजदारापासून वरच्या अधिकाऱ्यांचा क्रॉस बेल्ट. सॅम ब्राऊन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत तुटला. तलवार उपसायची तर म्यान दुसऱ्या हाताने धरावं लागतं, आणि तो हात गेलेला. म्हणून त्याने म्यान पट्ट्यालाच पक्कं अडकवलं आणि पट्टा खाली ओढला जाऊ नये म्हणून उजव्या खांद्यावरून तिरकी पट्टी घेतली. एका माणसाच्या अडचणीतून, त्याच्याच अंगाच्या मापाने झालेली ती रचना. तलवार आता परेडपुरती उरली आणि तिरकी पट्टी पॉलिश करण्यापुरती. ती मी रोज चमकवून देतो, माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण ती आज कसलाही भार घेत नाही.

महिला पोलिसांचं वेगळं सांगायला हवं. शिपाई भरतीत पुरुषाला उंची १६५ सेंटीमीटर लागते, महिलेला १५५. तीस टक्के जागा महिलांना राखीव आहेत. पट्टा मात्र एकाच नमुन्याचा, फक्त लांबीला कमी केलेला. बाईच्या अंगावर पट्टा उंच बसतो आणि खाली खुबा बाहेर येतो. त्यामुळे होल्स्टरचं तोंड बरगडीकडे कलतं आणि पिस्तूल काढताना कोपर पार काखेच्या वर न्यावं लागतं. एक फौजदार मॅडम मला म्हणाल्या, ‘काका, मला हे लवकर काढता येत नाही हे समोरच्याला कळलं तर काय?’ त्यांना मी होल्स्टरमागे तीन इंचांचं चामड्याचं लटकण करून दिलं आणि खाली पाचर घालून ते थोडं बाहेर काढलं. हत्यार खाली आलं, सरळ झालं. असा तुकडा परदेशात तयार मिळतो. आपल्याकडे करायला चामड्याचा एक तुकडा, दोन स्क्रू आणि अर्धी दुपार लागते.

पट्टा कसा असावा, याबद्दल माझं मत हाताने काम करून झालेलं आहे. पॅंटच्या लूपमधून जाणारा एक पातळ पट्टा आत, आणि त्यावर बसणारा सामानाचा पट्टा बाहेर. दोन्ही वेल्क्रोने धरलेले, वरून चार कीपर, म्हणजे दोन्ही पट्टे एकत्र धरणारे छोटे बंद. म्हणजे बाहेरचा पट्टा आवळून न बांधताही जागचा हलत नाही. बाजूला खुब्यावर तो रुंद हवा, भार पसरायला. पुढं पोटाखाली अरुंद हवा, बसताना रुतू नये म्हणून. आज तो सगळीकडे सारखाच रुंद असतो आणि खरी खोट तीच आहे. उभ्या अंगाने तो ताठ पाहिजे, नाहीतर होल्स्टर लोंबतं, पण कडा मात्र मऊ आणि गोल घासलेल्या हव्यात. कड घासणं हे कंटाळवाणं काम, म्हणून स्वस्तातल्या मालात पहिली काट तिथंच मारतात. आतून जाळीचं अस्तर, काढून धुता येईल असं. मणक्याच्या बरोबर मागे काहीही अडकवायचं नाही. माणूस पाठीवर पडला तर बेड्यांचं लोखंड सरळ हाडावर बसतं. आणि बकल असं, की घालणाऱ्याला एका हाताने सोडवता यावं, पण गर्दीत कुणी हिसका मारला तर सुटू नये.

सगळं नायलॉनचं करा म्हणणारेही भेटतात. पावसात चामडं फुगतं, बुरशी धरतं, वाळताना आकसतं, हे मान्य. साताऱ्याचा पाऊस काय ते मी सांगायला नको. पण दंगलीच्या बंदोबस्तात टायर जळत असताना नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि वेल्क्रोत लाल माती शिरली की चार महिन्यांत तो धरत नाही. त्यामुळे चामडं की नायलॉन हे टेबलावर बसून ठरणार नाही.

आणि ठरवायची पद्धतच चुकते आहे. मला पाहायला मिळालेल्या एका टेंडरच्या कागदावर लांबी होती, रुंदी होती, जाडी होती, रंग होता. घालणारा बसतो, वाकतो, पळतो, गाडी चालवतो याबद्दल एक ओळ नव्हती. मग कमी दराचा माल येतो आणि कागदाप्रमाणे तो बरोबरच असतो. दिल्लीत पोलीस संशोधन व विकास ब्युरो १९७० पासून आहे. पवईच्या आयआयटीत वस्तूंच्या रचनेचा विभाग १९६९ पासून आहे. चामड्याच्या कामासाठी राज्याचं संत रोहिदास महामंडळ आहे. नाशिकला पोलीस अकादमी आहे, जिथं दरवर्षी नव्या अधिकाऱ्यांच्या कमरेला पहिल्यांदा पट्टा चढतो. या चौघांना एका खोलीत बसवायला गृह खात्याला फार खर्च येणार नाही. त्या खोलीत एक ड्रायव्हर, एक वाहतूक शिपाई, एक बीट मार्शल, एक महिला फौजदार आणि राज्य राखीव दलातला एक जवान मात्र हवा, आणि त्यांना बोलू द्यायला हवं. साहेब समोर असले की ‘सगळं ठीक आहे सर’ हेच उत्तर येतं. पट्ट्याचा नमुना त्यांना द्यावा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरू द्यावा, आणि माप घेताना खुर्चीत बसवून घ्यावं. एवढं झालं तरी निम्मं काम होईल.

एकसारखेपणा जाईल अशी भीती वरिष्ठांना वाटते. बाहेरून रंग आणि बकल एकच ठेवा. आतलं अस्तर, रुंदीचा उतार, लटकण परेडला दिसतच नाही. बुटाचे नंबर आपण वेगवेगळे देतोच ना? आठ नंबरचा पाय सहाच्या बुटात कोंबा असं कुणी म्हणत नाही.

वर सांगितल्यासारखे काही पट्टे मी करून ठेवले आहेत. जिल्ह्यातल्या कुणाही पोलिसाने यावं, बसून माप द्यावं आणि एक पट्टा वापरायला न्यावा. पैसे नकोत. दिवाळीच्या आधी परत आणून द्यावा आणि कुठं लागला, कुठं सैल पडला ते सांगावं. फक्त आणताना धुऊन, पुसून, पॉलिश करून आणू नये. घामाचे डाग मला तसेच हवे आहेत.

आपला,
एक माजी ईबीआर, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)